पुढच्या बारशाची जागा

“आई, डिस्क कोरीच आहे,” सीडी-डीव्हीडीचा नवा ड्राइव्ह पुन्हा जोडून पाहत जावई म्हणाले.

“कोरी कशी असेल? मृण्मयीच्या बारशाला माझ्या सासूबाईंनी म्हटलेला पाळणा आहे तिच्यात,” कुंदाताई ठासून म्हणाल्या. उद्या मृण्मयीच्या लेकीच्या बारशाला तोच लावायचा होता. “माळ्यावरून ह्यांचा जुना लॅपटॉप काढा. ह्यांच्या माघारी मी तो उगाच नाही जपला!”

विटेसारखा जड लॅपटॉप खाली आला. डिस्क आत जाऊन जरा कुरकुरली, आणि सासूबाईंचा खणखणीत आवाज घरभर झाला.

“मग माझ्या ड्राइव्हला काहीच कसं दिसलं नाही?” जावई चक्रावले.

“ह्यांनी डिस्क बंदच केली नव्हती. बंद केली की ती कुठेही चालते, पण पुढे काही भरता येत नाही. हे म्हणाले, ‘अर्धी रिकामी आहे, वाया कशाला घालवायची? पुढचं बारसंही हिच्यातच भरू.’”

पण मृण्मयी एकुलतीच राहिली. पुढचं बारसं त्या घरात अजून झालंच नव्हतं.

जावई लॅपटॉप मिटायला गेले, तसा कुंदाताईंनी त्यांचा हात धरला. “उद्याचं शूटिंग ह्याच डिस्कवर भरा. जागा ह्यांनी ठेवलीच आहे.”