एकीचं दुखणं

सहा महिन्यांच्या जुळ्या बहिणींतली थोरली तापानं फणफणली होती, डावा पाय हलवत नव्हती. डॉक्टरबाईंनी तो पाय खुब्यात हळूच दुमडला. थोरलीनं हूं की चूं केलं नाही. बापाच्या कडेवरची धाकटी मात्र किंचाळली. पुन्हा दुमडला, पुन्हा धाकटीच. सोनोग्राफीत पू दिसला तो थोरलीच्याच खुब्यात. लगेच ऑपरेशन झालं, पाय वाचला.

महिन्याभरानं आई दोघींना घेऊन आली. "थोरलीनं कालपासून रडून घर डोक्यावर घेतलंय. धाकटीचं काही नाही हो, ती बिचारी गुणी बाळासारखी पडून आहे."

डॉक्टरबाईंनी थोरलीला हातही लावला नाही. त्या धाकटीचा एकेक सांधा दाबत गेल्या, कान थोरलीकडे ठेवून.

उजव्या गुडघ्याशी थोरली किंचाळली.