ओपलचे हात

"परवा दुपारी ओपल आली होती," मिस व्हर्ना मक्याच्या पावाचा तुकडा मोडत म्हणाल्या. "पाठ चाचपून गेली. हात अगदी बर्फ!"

टेबलावर हशा पिकला. ओपल ही त्यांची धाकटी बहीण. तिला कर्करोगाने जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

"मग तिला हातमोजे विणून द्या ना," तरुण नर्स केंड्रा म्हणाली. मोठी नर्स लोरेटाही हसली. जरा उशिरा.

केंटकीच्या डोंगरातल्या त्या वृद्धाश्रमात व्हर्नाबाईंच्या पाठीवर दर तीन दिवसांनी वेदना शमवणाऱ्या अमली औषधाची पट्टी लागे. तिच्यावर तारीख आणि लावणारीची आद्याक्षरं. जुनी पट्टी दोघींनी मिळून काढायची, कुलूपबंद डब्यात टाकायची, वहीत दोघींनी सही करायची. केंड्राला हे लोरेटानेच शिकवलं होतं. म्हणूनच लोरेटाने वही पुढे केली, की केंड्रा जागेवरूनच सही करी.

महिनाभर मात्र व्हर्नाबाई नव्या पट्टीच्या दुसऱ्याच दिवसापासून कण्हू लागत.

जेवणानंतर सगळे बिंगो खेळायला गेले. लोरेटाने गरम पाण्याच्या नळाखाली हात धरले. बराच वेळ धरले. मग तिने व्हर्नाबाईंच्या खोलीत शिरून दार लोटलं. वीस वर्षं माणसं उचलून तिची कंबर कामातून गेली होती, आणि तिच्या दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांनी केव्हाच बंद केल्या होत्या. खिशात तशीच दिसणारी, तारीख घातलेली बिनऔषधाची पट्टी होती.

तिने पाठीवरच्या, सकाळीच लावलेल्या पट्टीचा कोपरा सोलला.

"आज हात गरम आहेत गं, ओपल." व्हर्नाबाईंनी झगा स्वतःच खांद्यावरून खाली ओढला. "ने, ने. तू ओरडत गेलीस, तेव्हा तुला कुणी काही दिलं नाही. मी सोसते."

लोरेटाने कोपरा तळव्याने परत दाबला. खूप वेळ दाबून धरला. तिचे हात पुन्हा गार पडले होते.

तीन वाजता पाळी बदलताना केंड्राने सहीसाठी पेन उचललं. लोरेटाने वहीवर हात ठेवला.

"आधी मिस व्हर्नांची पाठ बघून ये. मग डबा उघडून जुन्या पट्ट्या बघ."

"मिस लोरेटा, तुम्ही असताना?"

लोरेटाने खिशातली बिनऔषधाची पट्टी वहीवर ठेवली.

"मी आहे म्हणूनच, पोरी."