गप्प काटा

हेलिकॉप्टर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर येऊन उभं होतं, पण इंजिनिअर मृणालची नजर गेजच्या काट्यावरून हटत नव्हती. तेलविहिरीच्या गंजलेल्या केसिंग पाइपला पडलेलं भोक सिमेंटने बुजवलं होतं. आत भरलेला दाब टिकला तर सगळे घरी. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

काटा जागचा हलला नाही. "झालं मॅडम, पास म्हणा!" फोरमन धुरीकाकांनी बॅग खांद्याला लावलीसुद्धा. उद्या त्यांच्या लेकीचा साखरपुडा होता.

मृणालने तोंड उघडलं आणि ती थबकली. हेलिकॉप्टरच्या पंख्याने पायाखालची लोखंडी जाळी थरथरत होती. मग काटाच एवढा गप्प कसा? तिने काचेवर टिचकी मारली.

अडकलेला काटा सर्रकन खाली आला.

धुरीकाकांनी पायलटला हातानेच ‘जा’ म्हटलं आणि बॅग खाली ठेवली. "बघताय काय सगळे? सिमेंट कालवा!"