धुळाप्पांच्या घरचा गॅस

“संडासाच्या गॅसवरची भाकरी? मेलो तरी खायाचा न्हाई!” धुळाप्पांनी ताट सरकवलं.

इंजिनिअर ऊर्मिलाने ताट पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं. सिलिंडरची गाडी न पोचणाऱ्या त्या डोंगरावरच्या वाडीत तिने आखून उभारलेला हा पहिलाच गोबरगॅस. म्हशी दिवसभर रानात, शेण कमी पडणार, म्हणून तिने संडासही टाकीला जोडला होता. म्हातारा अडला की अख्खी वाडी अडणार.

चुलीच्या धुराने खोकून वैतागलेली त्यांची सून मात्र हसली. “मामंजी, तुमची भाकरी तुमीच भाजा चुलीवर. फुंकणी कोपऱ्यात हाय.”

धुळाप्पा हट्टाने चुलीपुढे बसले.

महिन्याने ऊर्मिला धास्तावूनच वाडी चढली. धुळाप्पा ओसरीवर पाहुण्यांना गॅसवरचा चहा पाजत होते. “ओली लाकडं फुंकून डोळं गेलं असतं, पोरी,” ते पुटपुटले. “अन् भाकरीला वास न्हाई येत.”

तेवढ्यात एक पाहुणा तांब्या घेऊन झाडीकडे निघाला. धुळाप्पा ओरडत मागे धावले, “ओ पावणं! च्या आमचा प्यालासा, अन् माल रानात टाकाय निघालासा? फिरा मागं!”