हाल्वारची दाद

गुत्तोर्मने बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या कापडी पिशवीत नाक खुपसलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि पिशवी मुलीच्या हाती दिली.

"यंदाची हॉप्सची फुलं झकास आहेत. सोड हंड्यात."

मारितने पिशवीचं तोंड उघडलं आणि तिचा हात थबकला. नाकात भिनणारा तो हिरवा, कडवट दर्प नव्हताच. जुनाट चीजसारखा कुबट वास येत होता. ही फुलं चार-पाच वर्षं माळ्यावर पडून राहिलेली. यंदाची पिशवी शेजारच्या खुंटीला तशीच होती.

बाबा थट्टा करताहेत असं वाटून तिने वर पाहिलं. ते मन लावून हंडा ढवळत होते. धुराने कोंदलेल्या त्या खोलीत ऐंशीच्या डोळ्यांना रंग दिसला नसेल, पण वास? नुसत्या वाफेवरून बिअर उतरवायची वेळ सांगणारा माणूस होता तो. साऱ्या खोऱ्यात त्या नाकाचं नाव होतं.

"काय गं, घेतलास ना वास?"

"घेतला, बाबा. छान आहे," ती म्हणाली आणि पिशवी हंड्यात रिकामी केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिंप उघडलं. नाताळच्या बिअरचा पहिला पेला शेजारच्या हाल्वारचा, हे ठरलेलं. चाळीस वर्षं तो येत होता आणि चाळीस वर्षं पेला रिकामा करून बिअरला नावं ठेवत होता. एका वर्षी तर म्हणाला होता, घोड्यानेसुद्धा तोंड लावलं नसतं. गुत्तोर्म ते वर्षभर लोकांना हसत हसत सांगायचा.

हाल्वारने घोट घेतला. तो तोंडातच राहिला. त्याने मारितकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मग त्याने पेला तळापर्यंत संपवला आणि मिशा पुसल्या.

"उत्तम जमलीय, गुत्तोर्म. अगदी उत्तम."

शिव्या ऐकायला तयार असलेल्या गुत्तोर्मच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत गेलं. तो बाकावर टेकला.

"चाळीस वर्षांत तू मला असं कधी म्हणाला नाहीस."

गुत्तोर्म मुलीकडे वळला.

"मारित, तुला ठाऊक होतं?"

"फुलं जुनी होती, बाबा. तुम्ही इतका मनापासून वास घेत होतात... मला बोलवेना."

गुत्तोर्मने मान हलवली. "उन्हाळ्यापासून कॉफी गरम पाण्यासारखी लागते. मला वाटलं, दुकानदार फसवतोय." त्याने रिकामा पेला हातात घेतला. "खरं सांग हाल्वार, कशी झालीय?"

"बोकडाला आंघोळ घातलेलं पाणी बरं," हाल्वार म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"हं." गुत्तोर्मला जरा बरं वाटल्यासारखं झालं. मग त्याने दाराकडे बोट केलं. "ते उघड. आता तूच सांग, बाहेर कसला वास येतोय?"

हाल्वारने दार उघडलं आणि उंबऱ्यात पाठमोरा बराच वेळ उभा राहिला.

"बर्फाचा," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पडेल."