सांग तुझ्या बाबांना

“तुझ्या बाबांना सांग, पंखा कमी करा म्हणावं.”

आईने हे लेकीच्या कानात नाही, चांगलं मोठ्याने सांगितलं. बटण बाबांच्या हाताशी होतं आणि बाबांचे कान शाबूत होते. तरी ते लेकीच्या तोंडाकडे बघत बसले. समुपदेशक मॅडमच्या छोट्याशा खोलीत तिघं एका ओळीत बसली होती, लेक मधे. घरी जेवतानाही ती मधेच असायची.

आज मात्र तिने ओठ घट्ट मिटले. ठरवूनच आली होती ती. नर्सिंग शिकायला आता ती हॉस्टेलवर जाणार होती. दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर परक्यांशी गोड बोलणारी आई, आणि जगाच्या घरात दिवे लावत फिरणारे वायरमन बाबा, ही दोघं आपल्यामागे एका घरात मुक्यासारखी राहणार, या विचाराने तिची झोप उडाली होती. भांडण कशावरून पेटलं हे आता त्या दोघांनाही धड आठवत नव्हतं. अबोला तेवढा इमानेइतबारे चालू होता.

पंखा गरगरत राहिला.

“इथे यायचं कोणी ठरवलं?” मॅडमनी विचारलं.

“ह्यांनी,” आई म्हणाली.

“हिने,” बाबा म्हणाले.

दोघं एकदमच बोलली. मग दोन्ही माना सावकाश मधल्या खुर्चीकडे वळल्या.

“मी ठरवलं,” लेक म्हणाली. तिचे कान तापले होते. “आईला सांगितलं, बाबांनी वेळ घेतलीय. बाबांना सांगितलं, आईने घेतलीय.”

“म्हणजे चक्क थाप मारलीस?” बाबा म्हणाले.

“आजच नाही, बाबा. दोन वर्षं मारतेय. आई म्हणायची, ‘विचार त्यांना, ताट वाढू की झाकून ठेवू.’ मी तुम्हाला सांगायची, आई तुमच्यासाठी जेवायची थांबलीय. तुम्ही म्हणायचात, ‘माझ्या सामानाला हात लावू नकोस म्हणावं.’ मी आईला सांगायची, बाबा म्हणतात, तू दमू नकोस, मी आवरतो.”

आईचा चेहरा खर्रकन उतरला. हा माणूस बोलत नसला तरी आपली काळजी करतो, एवढ्या एका भरवशावर तिने हे दिवस काढले होते.

“आणि माझा गुडघा?” तिने विचारलं. “‘बाबा विचारतायत, आज गुडघा कसा आहे?’ रोज विचारायचीस तू. तेही तुझंच?”

लेकीने मान खाली घातली. “हो. माझंच.”

आईने पर्स उचलली. खुर्चीच्या पाठीचा आधार घेत ती उभी राहिली. “चल. पुरे झाली ही शोभा.”

घर जोडायला म्हणून आणलं आणि आपल्याच हाताने मोडलं, असं लेकीला वाटलं. तरी ती जागची हलली नाही.

“मी येत नाही,” ती म्हणाली. “आणि यापुढे निरोपही नेणार नाही. तुझे नाहीत, त्यांचेही नाहीत.”

आई लेकीकडे रागाने बघत होती. बाबा आईकडे बघत होते. ती एका पायावर सगळा भार टाकून उभी होती, दुसरा पाय नुसता टेकवलेला. त्यांनी घसा खाकरला. सवयीने लेकीकडे वळले, थबकले, आणि पुन्हा आईकडे वळले.

“तुझा गुडघा दुखतो?” त्यांनी तिलाच विचारलं.

“जिना उतरताना,” आई म्हणाली, आणि खाली बसली.