टेकडीला नमस्कार

प्रलयाचं पाणी टेकडीला नमस्कार करून मागे फिरलं, हे आख्यान बाबा जन्मभर गात आले होते. गेल्या पुरात त्याच भरवशावर त्यांनी नातीला टेकडीच्या माथ्यावर नेलं आणि पाण्यानं तिला त्यांच्या हातातून नेलं. आता तिची आई, बाबांची भूवैज्ञानिक लेक, त्याच माथ्यावरून खणून आणलेलं ढेकूळ प्रयोगशाळेत ब्रशनं उकलत होती. हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीच्या राखेवर नदीचा गाळ बसलेला दिसला. गाळात मातीचा खुळखुळा. "तुझी माती काय म्हणते गं?" बाबांनी दारातून विचारलं. "तेव्हा तरी पाणी मागे फिरलं होतं ना? तेवढ्यावर मी जगेन." खुळखुळा ओंजळीत झाकत ती म्हणाली, "फिरलं होतं, बाबा." त्यांनी तिची बोटं हलकेच उलगडली, खुळखुळा कानाशी हलवला. गाळानं भरलेला तो वाजला नाही. "मग हा ज्याचा, ते लेकरू कुणाच्या हातातून सुटलं?"